पोटाचा दाखला

बी.ए. झालो तेव्हा घरात पदवी कुणी पाहिलेली नव्हती. वडील संस्थानच्या फौजेत शिपाई होते. त्यांना वाटे, आता मुलाला कुठलीही खुर्ची मिळेल. मला मात्र संडासाजवळची खुर्ची हवी होती, आणि हे त्यांना कसं सांगणार? कॉलेजपासून मला संग्रहणी होती.

पहिली नोकरी ग्वाल्हेरातच, किला गेटजवळच्या एका शाळेत मिळाली. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात मी दोनदा बाहेर जाई. हेडमास्तरांचा समज झाला की मी विडी ओढायला जातो. मी तो तसाच राहू दिला; विडी त्यातल्या त्यात अब्रूची होती. महिनाभरात ती नोकरी सुटली.

मग संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं. बावीस संस्थानांची दप्तरं गाड्या भरभरून ग्वाल्हेरला आली आणि ती लावायला माणसं हवी होती. नोकरीआधी डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती ठोकली. पोटाचं त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दप्तरखाना इमारतीच्या मागच्या अंगाला, संडासाला लागून. तिथे कुणी बसायला तयार नव्हतं. मी आपण होऊन जागा मागितली, तेव्हा माझ्या विनयाचं कौतुक झालं. आठ वर्षांत मी एकही रजा घेतली नाही. जयेंद्रगंजात आमच्या बिऱ्हाडी पाच कुटुंबांत एक संडास होता. दप्तरात मी सुखी होतो.

पुढे मध्यभारतही मोडलं. राजधानी भोपाळला गेली आणि तबादल्यांची यादी लागली; तीत माझंही नाव होतं. तिथे कचेऱ्या अजून कुठल्या कुठल्या बराकीत भरतात, असं ऐकत होतो. गेलो असतो तर महिन्याभरात राजीनामा द्यावा लागला असता. शेवटी लाज सोडून अर्ज लिहिला.

साहेब आमच्यातलेच, जुन्या दरबारी घराण्यातले. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला.

"काय हो, तुम्हालाही संग्रहणी? यादी लागल्यापासून अख्ख्या दफ्तराचं पोट बिघडलंय. अकरा दरख्वास्ती आहेत माझ्याकडे, सगळ्यांना डॉक्टरचा दाखला."

"मला खरंच आहे, साहेब."

"त्यांनाही खरंच आहे. पण तुमची आठ वर्षांत एक रजा नाही. निरोगी माणूस म्हणून मी तुमचं उदाहरण देतो लोकांना, आणि तुम्हीच..."

"साहेब, मी येतो जरा."

"थांबा. माझं बोलणं पुरं झालेलं नाही."

मी थांबलो नाही. साहेबांचं बोलणं अर्धं टाकून त्या कचेरीत कुणी उठत नसे. परत आलो तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. मी बसलो, आणि दोन मिनिटांत पुन्हा उठलो. या वेळी त्यांनी थांबा म्हटलं नाही.

तिसऱ्यांदा आलो तर अर्जावर शेरा होता: जुन्या दप्तरासाठी यांची ग्वाल्हेरला गरज आहे.

"पोटाचं कशाला लिहायचं," साहेब हळूच म्हणाले. "सर्व्हिस बुकात कायमचं राहतं ते."

वडिलांनी सराफ्यापर्यंत जाऊन ओळखीच्यांना सांगितलं, मुलगा बी.ए. आहे, म्हणून सरकारने इथेच ठेवून घेतला. मी मान डोलावली.