सीलबंद निळ्या बरकतपुऱ्यात उभा राहतो

लोक हैदराबादला चारमिनार बघायला जातात, बिर्याणी खायला जातात. आम्ही पुण्याहून गाडी काढली ती एक खेळणं विकायला.

खेळणं म्हणजे निळ्या, माझा रोबो. लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर लागायचा. छातीवरचं बटण दाबलं की त्याची मूठ सुटून थेट शत्रूवर आदळायची. तेव्हा तो इथे मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी बाबांनी घेऊन दिला नसता. नोकरी लागल्यावर मी परदेशातल्या मित्राकडून तो मागवला. डबा हातात आला तेव्हा उघडायला बोटं शिवशिवत होती. तेवढ्यात एका जाणकारानं सांगितलं, "उघडू नकोस. सील तुटलं की किंमत गेली." झालं. निळ्या कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसला आणि त्याच्यामागून आणखी बरेच डबे तिथे चढले. या डब्याला आतलं दिसायला खिडकीसुद्धा नाही, वर नुसतं निळ्याचं चित्र आहे.

माझी बायको मंजिरी अधूनमधून विचारायची, "या सगळ्याचं करायचंय काय?" मी म्हणायचो, "गुंतवणूक आहे." ती म्हणायची, "बरं." त्या एका शब्दात काय काय असतं, ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

म्हणून आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवरच्या हैदराबादच्या किरणचा मेसेज आला की सीलबंद निळ्या हवाय आणि किंमत तुम्हीच सांगा, तेव्हा तो मी मंजिरीला मोठ्यानं वाचून दाखवला. दोनदा. पैसा आला तर हवाच होता, पण खरं सांगायचं तर मला तिचं ते "बरं" एकदाचं मोडून काढायचं होतं.

"कुरियरनं पाठव की," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नको. डब्याचा कोपरा चेपला तर तू महिनाभर जेवायचा नाहीस. दसऱ्याची सुट्टी आहे, हैदराबादला माझ्या सुशीलामावशीकडेच जाऊ."

पहाटे निघालात तर सोलापूर न्याहारीला गाठता येतं. आम्ही हायवेवरच्या एका साध्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं, वर अर्धा किलो चटणी मावशीसाठी बांधून घेतली. पुढे नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा रस्ता एकूण चांगला आहे. गतिरोधकांना मात्र दयामाया नाही, प्रत्येक गावात ते अचानक समोर येतात. झहीराबादनंतर पाट्यांवर तेलुगू आलं. टोल बरेच आहेत, फास्टॅग भरून ठेवा. निळ्या मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये, सीटबेल्ट लावून बसला होता. मंजिरी म्हणाली, "मला तू असा कधी बसवला नाहीस." शहरात शिरताना पाटणचेरूपासून जी गर्दी लागली ती काचीगुड्यापर्यंत सुटली नाही. त्या शेवटच्या टप्प्यासाठी पोटात काहीतरी असू द्या.

मावशी बरकतपुऱ्यात राहते. तिचं सासर उदगीरकडचं. शेती सोडून हे लोक हैदराबादला आले त्याला खूप वर्षं झाली. तिचं मराठी ऐकत बसावं असं आहे. दार उघडताच म्हणाली, "या जावईबापू! रस्त्यात परेशान तर नाही ना झाले?" समोरच्या खोलीत पांढऱ्या चादरी घातलेल्या पायऱ्या होत्या आणि त्यांवर मातीच्या, लाकडाच्या बाहुल्या ओळीनं मांडलेल्या: दशावतार, लग्नाची वरात, भाजीवाली, किराणा दुकानदार. याला तिकडे बोम्मल कोलुवु म्हणतात, म्हणजे बाहुल्यांचा दरबार. शेजारच्या अनसूयाम्मांचं बघून मावशीनंही कधीतरी तो मांडायला सुरुवात केली.

मी निळ्याचा डबा तिच्या हातात दिला. मंजिरीनं तो ओरखडे पडू नयेत म्हणून चकचकीत कागदात गुंडाळला होता. मी म्हणालो, "मावशी, हा जपून ठेवा हं. फार मोलाचा आहे."

"हौ जी," मावशी म्हणाली, आणि तिचा चेहरा फुलला. का फुलला, ते मला त्या वेळी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बेगम बाजार. स्वतःची गाडी नेऊ नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. आम्हाला रिक्षावाल्यानं दीडशेत सोडलं. मसाल्यांच्या गल्लीत शिंका, भांड्यांच्या गल्लीत ठणठणाट. मंजिरीनं पितळेचा एक लहानसा डबा उचलला आणि दुकानदाराला विचारलं, "यात काय ठेवतात?" तो म्हणाला, "अम्मा, जो दिल चाहे वो रखो, डब्बा हैच उसके वास्ते." मंजिरीनं माझ्याकडे बघितलं. मी वेलदोड्यांचा भाव विचारू लागलो. येताना इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. बिस्किटं जास्तच घ्या, पुण्यापर्यंत पुरत नाहीत.

संध्याकाळी घरी परतलो तर दारात चपलांचा ढीग. आत हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांच्या हातात हरभऱ्याच्या उसळीचे द्रोण. आणि तिसऱ्या पायरीवर, वरात आणि भाजीवालीच्या मधे, निळ्या. उघडा. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात शेवंतीची वेणी.

मी चपला काढायचंच विसरलो.

"बगा, हे आमचे जावई," मावशी बायकांना अभिमानानं सांगत होती. "पुण्याहून आणलं बाहुल्याला. दर साली एक नवीन बाहुली यायलाच लागती. औंदा मी म्हणत होते, कोण आणतंय आता? तर हे घेऊन आले!"

कोलुवुच्या दिवसांत पाहुणा कागदात गुंडाळलेला डबा घेऊन आला, तर त्यात पायरीवरची नवी बाहुलीच असणार. मावशीच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो. सील तिनं विळीवर कापलं होतं. मी कसंबसं विचारलं, "डब्यातच राहिला असता तर?"

"नक्को! घरी आलेल्या पाव्हण्याला डब्यात बसवतेत का?"

वर नियम असा, की एकदा पायरीवर मांडलेली बाहुली दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाही. मंजिरी स्वयंपाकघरात गेली आणि पदर तोंडात कोंबून हसली. मला राग आला, आणि तो मावशीवर काढता येत नव्हता म्हणून आणखीच आला.

रविवारी किरण मलकपेठहून मेट्रोनं आला. तिशीतला, आयटीतला तेलुगू मुलगा, बोलणं मात्र अस्सल दखनी. मी पायरीकडे बोट केलं. तो वाकून निळ्याला निरखू लागला.

"भाई, ये क्या हुआ?"

"कोलुवु हुआ," मी म्हणालो.

तो खो खो हसत जमिनीवरच बसला. "मेरी नानी बी ऐसाच करती थी. मेरी पहली मोटार लेके पायरी पे रख दी थी." मग म्हणाला, "घर में पूरा कमरा भर के डब्बे हैं भाई. एक की बी आवाज नै सुना मैं."

"हलवायचं नाय, पन बटण दाबायला काय हरकत?" मावशी म्हणाली. "दाबा जावईबापू. तुमीच आणलंय."

मी पुढे झालो आणि तेव्हा लक्षात आलं की निळ्याला मी आजवर हातच लावलेला नाही. त्याच्या छातीवरचं बटण थंड होतं. दाबलं. खट् झालं आणि मूठ सुसाट सुटली, भाजीवालीच्या डोक्यावरून जाऊन अनसूयाम्मांच्या द्रोणात, उसळीत पडली. अख्खी खोली हसली. अनसूयाम्मांनी मूठ पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवली. मला खूप आनंद झाला होता, आणि इतकी वर्षं तो वर फळीवर पडून होता याचं वाईटही वाटत होतं.

सौदा अर्थातच मोडला. निघताना किरणनं हळूच विचारलं, "खाली डब्बा देते क्या?" हो, आमच्यात रिकामे डबेही विकत घेतात. मी नाही म्हणालो. मूठ उडालेली त्यानं तीनदा पाहिली होती, तेवढं त्याला पुष्कळ होतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आरती झाली की एका बाहुलीला आडवं करून निजवतात, म्हणजे दरबार संपला. मावशीनं निळ्याला निवडलं. "पहिलंच साल हाय. थकला असंल." मग सगळ्या बाहुल्या जुन्या साड्यांच्या मऊ तुकड्यांत गुंडाळून ट्रंकेत जाऊ लागल्या.

मंजिरी कानाशी लागली. "सांगू का मावशीला? ती लगेच देईल परत."

मी मावशीकडे बघितलं. ती निळ्याच्या कपाळाचं कुंकू न पुसता, त्याची मूठ नीट बसलीय का ते तपासत होती.

"नको," मी म्हणालो आणि तिच्या हातातून फडकं घेऊन निळ्याला स्वतःच गुंडाळलं.

परतीचा रस्ता तोच, गतिरोधकही तेच. घरी आल्यावर विळीनं कापलेला रिकामा डबा मी फळीवर होता तिथे ठेवला आणि मागे सरून बघितलं. काहीच बदललेलं दिसत नव्हतं. तेच चित्र, तोच कोपरा. आत निळ्या नाही, हे कुणाला सांगितल्याशिवाय कळलं नसतं. मलासुद्धा नाही.

तुमच्याकडेही असे डबे असतील तर विकू नका, उघडू नका, असं काही मी सांगणार नाही. विकायला घेतलेले खुशाल सीलबंद ठेवा. पण ज्याच्यासाठी तुम्ही लहानपणी हट्ट धरला होता, तो कोणता, हे तुम्हाला पक्कं माहीत असतं.

माझ्या फळीवर निळ्याच्या डब्याशेजारी त्याचा शत्रू आहे, तांबडा. रविवारी सकाळी मी त्याचा डबा खाली काढला आणि हाक मारली, "मंजिरी, कात्री कुठंय?"

"बरं," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन स्वतःच माझ्या शेजारी येऊन बसली.