खांद मळलेली गाडी

त्या सकाळी मी पुरणासाठी डाळ निवडत होते आणि हे अंगणात गाडीला हळद-लोणी चोळत होते.

दिवस मावळायच्या आत हे गेले.

मागच्या वर्षीची खांदमळणी. पोळ्याचा आदला दिवस. आज तिथीनं वर्ष झालं.

आम्ही मूळचे कन्नड तालुक्यातले. शेती सुटली, शहरात मुकुंदवाडीला आलो, हे एका सेठजींकडं ड्रायव्हर झाले. बैलांच्या जागी दारात एक जुनी, छोटी, पांढरी गाडी आली.

पण सवय कुठं सुटते? दर खांदमळणीला तिचं बॉनेट बैलाच्या खांद्यासारखं मळायचं. मग आरशाजवळ वाकून, कानात सांगितल्यासारखं, "आज आवतण हाय. उद्या जेवाया या बरं का."

मी एकदा म्हणाले, "मला नाय कधी असं बोलावलं."

"तुला कशाला आवतण? सैपाक तर तूच करती."

बॉनेटवर पिवळा डाग कायमचा बसला होता. सर्व्हिसिंगवाल्यानं एकदा विचारलं, "काका, गंज धरला का?"

"गंज नाय बाबा. मान हाय तो तिचा."

हे तिला दुभती म्हणायचे. शेजारच्या शबानाआपांची दोन्ही बाळंतपणं तिनं दवाखान्यात वेळेवर पोचवली. गावाकडून मक्याची पोती आणली. गल्लीतलं कुणीही चावी मागायचं, हे द्यायचे.

मी पुस्तकं वाचते म्हणून सगळे हसतात. पण वाचनालयातल्या जाड शब्दकोशात मी 'दुभती' शोधला होता. दूध देणारी, एवढंच लिहिलंय. यांच्या अर्थाचं तिथं काहीच नाही.

सेठजींच्या मुलानं, छोट्या सेठनं, परदेशी गाडी घेतली. लाल, जमिनीला चिकटलेली.

यांनी तिच्या आवाजाचा व्हिडिओ करून आणला. "ऐक. वाघ हाय वाघ." लहान मुलासारखे खुश झाले होते.

"बसून बघितलं का?"

"बसायचं म्हंजी विहिरीत उतरायचं. वर यायला कुणीतरी शेंदाया पायजे."

"किती माणसं मावतात?"

"दोन. पिशवी असंल तर एक."

मागच्या खांदमळणीला हे कामावर शेअर रिक्षानं गेले.

कारण खांद मळल्यावर बैल जुंपत नाहीत. आमची गाडी त्या दिवशी सुट्टीवर होती.

दुपारी छोट्या सेठचा फोन आला. तो रडत होता.

"मावशी, काकांच्या छातीत दुखतंय. मोठी गाडी पप्पा पुण्याला घेऊन गेलेत. मी माझ्या गाडीत घातलं त्यांना. जालना रोड जाम होता म्हणून आतून आलो. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकलंय. पुढं जाईना, मागं येईना. अँब्युलन्स जाममध्येच आहे."

कुठं, ते त्यानं सांगितलं. आमच्या घराजवळच्या स्टेशनापाशी.

चावी खिळ्याला होती. गाडी चालवायला मला यांनीच शिकवलं होतं.

लाल गाडी रस्त्याच्या मधोमध टेकलेली. चाकं जागच्या जागी फिरून रबराचा वास सुटलेला. भोवती पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. हे त्या खोल सीटमध्ये घामानं भिजून पडले होते. बाहेर काढायला चार माणसं लागली. शेंदूनच काढलं.

मागच्या सीटवर छोट्या सेठनं यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी गिअर टाकला. आमची गाडी त्याच स्पीडब्रेकरवरून हलकी उतरली.

मागून हळू आवाज आला.

"खांद मळलीय गं तिची."

"माफ करंल ती. बोलू नका तुम्ही."

मग हे खरंच बोलले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि माझ्याकडं न बघता छोट्या सेठकडं बघितलं.

लोक म्हणाले, श्रीमंताच्या खेळण्यानं जीव घेतला. मी म्हणत नाही तसं. त्याच्या दारात जी गाडी होती ती घेऊन तो धावला.

आमची गाडी त्या दिवशी सेठजींच्या बंगल्यावर उभी असती तर?

वर्ष झालं, रोज चहा ठेवताना हा प्रश्न येतो. चहा उतू जातो.

अहो, आज तुमच्यासाठी या चार ओळी लिहितेय, मोठं काही मला लिहिता येत नाही. गाडी चालू आहे. चावी अजून खिळ्यालाच असते, गल्ली अजून मागायला येते. तुम्ही निवांत राहा.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी पोळा होता. सुतकाचं घर, चूल बंद. निवडलेली डाळ सुपात तशीच. शबानाआपा पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि शेजारी बसून राहिल्या.

मी उठले. अर्धी भाकरी मोडून अंगणात गेले आणि बॉनेटवरच्या पिवळ्या डागावर ठेवली.

आवतण दिलेलं होतं.