अण्णांच्या पेनाची निब

भूतबाधा, अंगात येणं असलं कुणी सांगू लागलं की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. त्यामुळे हे लिहितेय म्हणजे डोकं फिरलंय असं समजू नका... झालं तेवढं सांगते.

आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. माझे वडील, अण्णा, डावखुरे. अर्धांगवायूत उजवी बाजू आणि वाचा गेली, पण डाव्या हातानं, आपल्या जुन्या शाईपेनानं लिहून बोलायचे. मग पेन पडला, निब मोडली. बॉलपेन दिला की भिंतीकडे तोंड करायचे – इतके हट्टी! पण काहीतरी सांगायचं होतं त्यांना. माझ्या तळहातावर बोट फिरवायचे आणि मला एक अक्षर लागायचं नाही.

तसली निब आता बनतच नाही. मेन रोड, घोटी, सायखेडा – सगळीकडे नकार. शेवटी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या दुकानदारांनी माझ्यासमोर सीलबंद पाकीट फोडून दिली. घरी आले तर दारात चपलांचा ढीग. अण्णा गेले होते.

निब तशीच कपाटात पडून राहिली, किल्ली माझ्याकडे. वर्षश्राद्ध झालं, मग दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला अण्णांचा पेन पूजेत ठेवायचा आणि दसऱ्याच्या सकाळी त्यानं ‘श्री’ काढायचा. आई म्हणाली, मोडका पेन पूजेत नको. म्हणून ती निब मीच बसवली, शाई भरली.

सकाळी ‘श्री’ काढायला गेले तर निब कागद ओरबाडू लागली. वैतागून पेन डाव्या हातात धरला... आणि लोण्यातून गेल्यासारखा सरकला.

तडक कॅम्पात गेले. म्हातारबाबांनी भिंगातून निब पाहिली आणि उलट मलाच विचारलं,

"ताई, ही कुणाची निब? डावखुऱ्यानं वर्षानुवर्षं लिहून झिजवलीय."

तुम्हीच दिलीत, कोरी, असं म्हणत मी त्यांच्याशी भांडले. मग तिथेच स्टुलावर बसून रडले.

ही निब अण्णांच्या हाती एकदाही लागली नाही. मग झिजवली कुणी? 

आताशा रोज पेन डाव्या हातात धरून कागदावर टेकवते. वाटतं, अण्णांचं सांगायचं राहिलेलं लिहून देईल. पण मला डाव्या हातानं अक्षर काढता येत नाही. शाई छान उतरते, नुसत्या रेघा उमटतात.