बर्डीवरची जिलबी

दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी हायसं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण आता महिना उलटला, खोटं कशाला बोला... माझा हा थोरला भाऊ नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. माणसाची स्मृती हा त्याचा हातखंडा विषय.

आई वारली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, दादा तेराचा. माझ्यापाशी तिची एकच आठवण होती. सीताबर्डीवर तिनं मला जिलबी घेऊन दिली आणि पाकानं चिकट झालेले हात आपल्या हिरव्या पदरानं पुसले. मी नोकरीला लागल्यावर दादानं एकदा मला वर्गात बोलावून ती सांगायला लावली. मीही रंगात येऊन सांगितली. मग तो पोरांकडे वळला. "हे याच्यासोबत झालंच नाही. हा रडायचा, म्हणून मीच सांगितलं होतं. ऐकून ऐकून याले आता पदराचा रंगही दिसते! आठवण फोटो नसते रे, दरवेळी नव्यानं फोडणी देलेली भाजी असते." पोरं हसली. पुढे दरवर्षी हाच खेळ... वर्ग नवा, बकरा जुना. थोरल्याला नाही म्हणायची आमच्या घरात रीतच नव्हती. माझी आई मात्र त्या दिवशी दुसऱ्यांदा मेली.

शेवटचा भेटलो तो नंदनवनच्या त्याच्या घरी. अर्धांगवायूनंतर त्याला कालचं आठवत नव्हतं, फक्त फार जुनं उरलं होतं. मला पाहून तो हसला. "आईनं मले बर्डीवर जिलबी घेऊन देल्ली होती गा. पदरानं हात पुसले." आणि चालता हात त्यानं माझ्यापुढे धरला. स्वतःच्याच सापळ्यात सापडला, असं मला वाटलं. इतक्या वर्षांचा राग होता. मी वाकून, त्याला नीट ऐकू जाईल असं म्हणालो, "दादा, असं काही झालंच नाही. तूच बनवलं होतं." त्यानं हात पांघरुणात ओढून घेतला. मला बरं वाटलं.

तेरवीच्या दिवशी हे मी वहिनींना हसत हसत सांगितलं. वाढता वाढता त्या थांबल्या.

"भाऊजी, ते खरंच त्यायच्यासोबत झालं होतं. लग्न झाल्यावर मले सांगितलं होतं त्यायनं. तुम्ही लहानपणी आईसाठी रडत होते, तं आपली आठवण तुमाले देऊन टाकली. वर्गात तेवढं सांगत नव्हते."

आजारपणात रोज जेवण झालं की दादा हात पुढे करायचा आणि वहिनी तो पदरानं पुसायच्या. कालचं काही आठवत नसूनही, मी येऊन गेल्यापासून मात्र त्यानं तो पुसू दिला नाही. मूठ आवळूनच गेला.