विलायती गाडीवरचं कुंकू

आमच्या शेडचे आप्पा नसते, तर मी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी गावाकडची, वाशिमची एसटी धरली असती. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

आठवीतनं शाळा सोडून मी शिक्रापूरला आलो. आप्पांच्या हाताखाली गाड्या धुतो, पॉलिश करतो. दौंडकडच्या एका शेठच्या फार्महाऊसवर दोन दुर्मिळ ब्रिटिश गाड्या आहेत, त्यांची निगा आमच्याकडे. एक निळी, नवी. दुसरी क्रीम, माझ्या बापाच्या वयाची.

निळी म्हणजे बाण. शेठनी एकदा मला शेजारी बसवून शेतातल्या सरळ रस्त्यावर पळवली, तर देवाचं नाव पुरतं घेईपर्यंत रस्ता संपला. क्रीमचं तसं नाही. गिअर हातानं टाकायचे, क्लच दाबून मांडी भरून येते आणि उन्हात तापली की ती रुसते. पण तशा गाड्या जगात बोटांवर मोजण्याइतक्याच. शेठना एकच ठेवायची होती. कुठली विकावी हे सांगायला मुंबईचे एक जाणकार यायचे होते.

आदल्या दिवशी दसरा. चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, एवढं तर झालंच पाहिजे. दोन्ही गाड्यांवर मी मन लावून काढलं. संध्याकाळी पुसायला गेलो. निळीचं एका हातात निघालं. क्रीमचा जुना रंग मात्र कुंकू प्यायला होता. गुलाबी स्वस्तिक, लांबून दिसेल असं.

 मी कंपाउंडचा, म्हणजे रंग घासायच्या लेपाचा, डबा उघडला, तेवढ्यात आप्पा आले.

"काय चाललंय?"

"घासून काढतो आप्पा. कुणाला कळणार नाही."

"रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतंय त्या जाणकारांकडं. त्याला कळंल. डाग आज ना उद्या जाईल, घासल्याला रंग कवाच यायचा न्हाई. ठेव तो डबा."

"शेठ मला काढून टाकतील."

"मग मलाबी काढतील. दोघं मिळून रसवंती टाकू."

सकाळी शेठ जाणकारांना घेऊन आले, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत आप्पाच पुढं झाले. "शेठ, कुंकू आमच्या शेडनं लावलंय. माणूस माझा, चूकबी माझीच."

 जाणकारांनी यंत्र दारावर टेकवलं, टपावर टेकवलं, मग बॉनेटवर. 

"पळायला निळी भारी," ते म्हणाले, "पण तिच्याहून वेगवान गाड्या येतच राहणार, तिची किंमत उतरणार. हिच्यावर कारखान्यातला मूळ रंग आहे, कुठंही न घासलेला. विकायची तर निळी विका. डाग वरवरचा आहे. घासला असता, तर मी उलटं सांगितलं असतं."

शेठनी तेव्हा कुठं माझ्याकडं पाहिलं. "विलायतेच्या बाईला सवाष्ण केलंस की रे! आता तूच सांभाळ तिला."

निळी गेली. क्रीम माझ्या हाताखाली आहे. तिच्या शेडचं कुलूप मी भीतीपोटी अजून तीनदा ओढून बघतो, पण खोलीवर गेल्यावर झोप लागते.

मांडवगण फराट्याला आप्पांच्या घरामागं त्यांच्या वडिलांची जीप बंद पडून आहे. तिचे पार्ट मी शोधायला लागलोय. एक ना एक दिवस ती चालू करून किल्ली आप्पांच्या हातात देईन, आन् तिच्या मूळ रंगाला ओरखडाही पडू देणार नाही.