शिंप्याने बांधलेली माशी

प्रकाशा गावी तापीकाठी आम्हा पाच-सहा जणांचं मंडळ दर रविवारी गळ टाकून बसे. आमिष म्हणून किडा नाही, गळावरच बांधलेली कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी. एका गोऱ्या साहेबाचं पाहून आमच्यातला शिंपी ती बांधायला शिकला होता. आम्हाला कोणाला ती कधी जमली नाही. सगळ्यांना तोच बांधून देई.

तो तापाने गेला, तेव्हा प्रत्येकाकडे त्याची एकेक माशी उरली होती. हरवेल म्हणून कोणी ती पाण्यात टाकेना. महिनाभर आम्ही माशी खिशात ठेवून, काठ्या मांडीवर घेऊन नुसते बसलो.

एका रविवारी त्याची बायको धुणं घेऊन घाटावर आली. आमच्याकडे पाहून म्हणाली, "पाणीमा टाकाकरताच बांध्यात ना त्यान्ही? मंग खिशामा काय ठेई ऱ्हायनात?"

बाकीच्यांनी उठून आपापली माशी पाण्यात टाकली. संध्याकाळपर्यंत कोणाची माशी खडकात अडकून तुटली, कोणाची माशाने नेली. मला मात्र तिचा राग आला. हिने आम्हाला शिकवावं? मी माझी माशी कागदात गुंडाळून पेटीत जपून ठेवली.

पावसाळा सरल्यावर पेटी उघडली. पिसं कसरीने खाल्ली होती. कागदात होता तो नुसता गंजलेला गळ.