पाच पुढे, पाच त्यांच्या पाठीला

मूल गावात राइस मिलवाले पुष्कळ आहेत, पण माणूस दिसला की त्याला फुटबॉलच्या मैदानात कुठे उभा करावा याचाच विचार करणारा राइस मिलवाला साऱ्या पंचक्रोशीत एकच, आणि तो मोठा साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरच्यांनी माझं शिक्षण विचारलं, यांनी मात्र मला अंगणातून चालत येताना न्याहाळलं आणि सासऱ्यांना सांगितलं, "पाहुना डाव्या पायाचा दिसते. लेफ्ट विंगले चालन." लग्न ठरलं त्यात या शिफारशीचा वाटा किती, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या घरी चहा येण्याआधी पानाचा डबा उघडतो आणि सतरंजीवर अख्ख्या सुपाऱ्यांचा संघ मांडला जातो. पाच पुढे, पाच त्यांच्या पाठीला, एक गोलात. चर्चा रंगात आली की एखादा फॉरवर्ड अडकित्त्याखाली जातो, पण चढाई थांबत नाही. मला कोडं पडायचं ते एवढंच, की हा शहाणासुरता माणूस मागे बचावाला एकही सुपारी का ठेवत नाही? विचारलं की म्हणायचे, "मागं ठेवला पोट्टा, का गेलाच वाया." स्वतःच्या दोन्ही मुलांना त्यांनी शिक्षण होताच एकाला हैदराबादला, दुसऱ्याला पुण्याला धाडलं होतं. मुलं बोलावतात, पण साडू गाव सोडत नाहीत. मेहुणीबाई चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "यायले समोरचंच दिसते."

गावातल्या संघाला ही मांडणी ते वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडून शिकवत होते. यंदा राजुऱ्याच्या संघाशी सामना ठरला तेव्हा कप्तान कंटाळून म्हणाला, "भाऊ, ही एक मॅच तुमच्या मनानं. पन हारलो तं मंग तुम्ही बोलाचं नाई." साडूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. गल्लीत एक लग्न होतं, तिथे त्यांनी साऱ्या संघाला पंगत वाढायला लावून सराव घेतला. भाताची टोपली घेऊन पाच जण पुढे, वरण आणि आलू-वांग्याची बादली लगेच पाठीला. "भात पोचला अन् वरन मागं राह्यलं तं पाहुना काय कोरडा भात खाईन? फॉरवर्डचंही तसंच हाय!" अशी झपाट्याची पंगत गावाने पाहिली नव्हती.

सामन्यातही सुरुवातीला तेच झालं. चढाई अशी सुरेख गेली की पहिला गोल आमचा. साडू धोतर सावरत नाचले. मग पुन्हा आमचे पाचही जण राजुऱ्याच्या गोलासमोर पोचले, आणि पंगतीचा संस्कार आडवा आला. आमच्याकडे वाढणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो. एक म्हणाला, "तू मार." दुसरा, "नाई बे, तू मार." चेंडू आग्रहाने पाची पानांवर फिरला आणि शेवटी राजुऱ्याच्या गोलकीपरने आरामात उचलून लांब मारला. मागे आमचं सगळं मैदान रिकामं. असं दोनदा झालं आणि आम्ही दोन-एकने हरलो.

साडूंनी अट पाळली. मैदानावर गेले नाहीत, पानाचा डबा फडताळात गेला. मला त्या सतरंजीकडे बघवेना. पंधरवड्याने कप्तानच चार जणांना घेऊन दारात आला. "भाऊ, तो पहिला गोल कसा बसला ते सांगा ना. आमाले अजून समजून नाई राह्यलं." डबा निघाला. पाच पुढे, पाच त्यांच्या पाठीला. एक गोलात. मग साडूंनी डब्यातून एक जास्तीची सुपारी काढली आणि अगदी मागे, गोलाच्या जवळ ठेवली.

"भाऊ, हा तं बारावा झाला," कप्तान हसला. "हा कोन?"

"हा मी," साडू म्हणाले. "तुम्ही बिनधास्त जा समोर. सारेच गेल्यावर घरी कोनी तं राह्यलं पाहिजे."

मेहुणीबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डब्यातून आणखी एक सुपारी काढली आणि साडूंच्या सुपारीशेजारी ठेवून दिली.